खरबुजावर यीस्ट वापरताय? या चुका टाळा

खरबूज सडवणाऱ्या जिवाणूला रोखायला काही जण यीस्ट हे सूक्ष्मजीव फवारतात. ‘यीस्ट फवारलं, तरी फळं सडली’ या तक्रारीत दोष बहुतेक वेळा यीस्टचा नसतो. ब्राझीलच्या ईशान्य भागात खरबुजाचं मोठं पीक आहे. तिथे फळं सडवणाऱ्या ॲसिडोव्होरॅक्स सिट्रुली या जिवाणूविरुद्ध ऱ्होडोटोरुला आणि पिचिया या यीस्टच्या चाचण्या झाल्या, त्या बियाण्याला प्रक्रिया करून. आपल्याकडे मात्र फळावर डाग दिसले की पंप पाठीवर चढतो. तेव्हा उशीर झालेला असतो. यीस्टचं मुख्य काम जागा आणि अन्न आधी बळकावण्याचं, एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तसं. जिवाणू आत शिरल्यावर त्याला उठवून लावणं यीस्टच्या आवाक्यातलं नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक टाकीत होते. यीस्ट ही बुरशीच आहे. मॅन्कोझेब, कॅप्टान यांसारखं बुरशीनाशक किंवा ताम्रयुक्त औषध त्याच पाण्यात मिसळलं, की पैसे देऊन आणलेले जीव आपणच मारतो. आदल्या दिवशीच्या फवारणीचा अंशही पानावर असतो, हे कुणी लक्षात घेत नाही. रंगीत, लेपित बियाणं असेल तर पाकिटावर थायरमसारखं बुरशीनाशक लिहिलंय का ते आधी वाचा. असेल तर त्यावर यीस्ट चोळण्यात अर्थ नाही. आणि रोग शेतात पसरलाच असेल, तर ताम्रयुक्त औषध निवडा, यीस्टचा हट्ट सोडा.

बेकरीचं यीस्ट गुळाच्या पाण्यात भिजवून फवारणारेही भेटतात. ते पाव फुगवण्यासाठी निवडलेलं यीस्ट. पानावर टिकेल याची खात्री नाही. उरलेला गूळ मात्र इतर जंतूंनाही पोसतो.

मुळात रोग जिवाणूचाच आहे ना? केवडा या दुसऱ्या रोगात सकाळी पानाखाली करडी बुरशी दिसते. जिवाणूचा डाग पाणी मुरल्यासारखा, बऱ्याचदा शिरेलगत असतो. डागाच्या कडेचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधट धार सुटली, तर जिवाणूच समजा.

फळाला लागण मुख्यतः फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या 2-3 आठवड्यांत होते. पुढे सालीवर मेणाचा थर चढतो. म्हणून यीस्ट फवारायचंच तर त्या आठवड्यांत, संध्याकाळी, क्लोरीन नसलेल्या पाण्यात. खरबुजावर वरून बारीकसा डाग असतो आणि आत गर कुजलेला निघतो. साल बघून निश्चिंत होऊ नका.

रोपवाटिकेत झारीने वरून पाणी घालणं थांबवा. एका बीजपत्रावरचा जिवाणू शिंतोड्यांनी अख्ख्या ट्रेभर जातो. डाग दिसलेलं रोप एकटं उपटू नका, शेजारची निरोगी दिसणारी रोपंही काढा.