कंटेनरना ब्लॉक स्टोरेज जोडण्यापूर्वी

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले हल्ली डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात चालवणारे साधन) आणि कुबरनेटीज (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली) शिकूनच मुलाखतीला जातात, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र कंटेनरमधला डेटा नेमका कुठे राहतो, असे विचारले की पुष्कळांचे उत्तर अडखळते. केळी आणि कापसाच्या व्यापाऱ्यांचे हिशेब ज्या सर्व्हरवर चालतात, त्यांची देखभाल मी जळगावात करतो. या कामात साठवणुकीविषयी जे शिकायला मिळाले, ते नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

कंटेनरच्या स्वतःच्या थरात लिहिलेला मजकूर कंटेनर काढून टाकताच जातो, म्हणून डेटाबेसला बाहेरून डिस्क जोडावी लागते. अशा डिस्क पुरवणारे ब्लॉक स्टोरेज ऑपरेटिंग सिस्टीमला कोऱ्या डिस्कसारखे दिसते आणि त्यावर एक्स्ट-४ किंवा एक्सएफएस फाइल सिस्टीम, म्हणजे फाइल मांडून ठेवण्याची रचना, घातली जाते. या दोन्ही फाइल सिस्टीम एका वेळी एकाच मशीनने वापरायच्या आहेत. दोन मशीननी तीच डिस्क लिहिण्यासाठी माउंट केली, म्हणजे वापरायला जोडून घेतली, तर प्रत्येक मशीन आपल्या मेमरीतली नोंद खरी मानून लिहीत राहते आणि दोघे मिळून डेटाची नासाडी करतात. वाईट म्हणजे, ही नासाडी बरेचदा उशिरा लक्षात येते.

कुबरनेटीजमध्ये क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या मशीनच्या समूहातल्या) प्रत्येक मशीनला नोड, एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला पॉड आणि त्यांना जोडलेल्या डिस्कला व्हॉल्यूम म्हणतात. व्हॉल्यूम कोणी वापरावे हे ठरवणारे ‘रीडराइटवन्स’ हे बंधन एका नोडपुरते आहे, एका पॉडपुरते नाही, हे आधी पक्के समजून घ्यावे. त्याच नोडवरचे दोन पॉड ते व्हॉल्यूम एकदम वापरू शकतात. खरोखर एकाच पॉडला परवानगी द्यायची असेल, तर 1.29 या आवृत्तीत स्थिरावलेला ‘रीडराइटवन्सपॉड’ हा पर्याय आहे. तो फक्त सीएसआय ड्रायव्हरच्या (कुबरनेटीजला स्टोरेज जोडणाऱ्या प्रमाणित सॉफ्टवेअरच्या) व्हॉल्यूमना लागू होतो.

एका मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना, आमच्याकडची वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर चालू राहिले, पण नेटवर्कचा एक स्विच बंद पडला. क्लस्टरला एक नोड ‘नॉट रेडी’ दिसू लागला, ठरावीक पाच मिनिटांनी त्याच्या जागी दुसऱ्या नोडवर नवा पॉड उभा राहिला आणि ‘मल्टी-अटॅच’ची, म्हणजे व्हॉल्यूम आधीच दुसऱ्या नोडला जोडलेले असल्याची, त्रुटी दाखवत तिथेच अडकला. व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. जुना पॉड जबरदस्तीने काढून टाकावा, अशी सूचना आली. आम्ही आधी रॅकपाशी गेलो, तर तो नोड चालूच होता. साठवणुकीचे नेटवर्क वेगळ्या स्विचवर असल्यामुळे त्याचे डिस्कवर लिहिणेही चालू होते. त्या नोडचा वीजपुरवठा बंद केला, मगच त्याला ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेंट (taint), म्हणजे नोड सेवेत नसल्याची खूण, लावला आणि व्हॉल्यूम दुसरीकडे गेले. तेव्हा त्या त्रुटीनेच डेटा वाचवला होता. संपर्क तुटलेला नोड बंदच असेल, असे कधीही गृहीत धरू नये.

स्टोरेज क्लास (व्हॉल्यूम कसे तयार व्हावे याची व्याख्या) लिहिताना रीक्लेम पॉलिसी, म्हणजे वापर संपल्यावर व्हॉल्यूमचे काय करायचे हा नियम, स्वतः ठरवावी. काहीच लिहिले नाही, तर आपोआप तयार होणाऱ्या व्हॉल्यूमना ‘डिलीट’ लागू होते आणि क्लेम (व्हॉल्यूमसाठी केलेली मागणी) काढताच डिस्कही जाते. हिशेबाच्या डेटासाठी मी ‘रिटेन’च (डिस्क राखून ठेवणारा पर्याय) ठेवतो. व्हॉल्यूम वाढवता येते, पण पुन्हा लहान करता येत नाही, म्हणून आकार बेताने मागावा.

आयस्कझी (iSCSI, नेटवर्कवरून डिस्क जोडण्याची पद्धत) वापरत असाल, तर एकाच व्हर्च्युअल मशीनच्या प्रती काढून नोड बनवण्याच्या सवयीकडे विशेष लक्ष द्या, कारण प्रतीबरोबर इनिशिएटरचे, म्हणजे डिस्क मागणाऱ्या नोडच्या बाजूचे, नावही तसेच येते आणि स्टोरेजला दोन नोड एकच वाटू लागतात. प्रत्येक नोडचे नाव वेगळे करावे, चॅप (जोडणीपूर्वी ओळख तपासण्याची पद्धत) पासवर्ड लावावा आणि 3260 हा पोर्ट फक्त साठवणुकीच्या नेटवर्कवर उघडा ठेवावा. डिस्क हाताने माउंट करताना ‘एसडीबी’सारख्या नावावर विसंबू नये, मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ते बदलू शकते, यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा स्वतःचा ओळख क्रमांक) बदलत नाही.

स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची नोंद) त्याच स्टोरेजवर असेल, तर त्याला बॅकअप मानता येत नाही. घरच्या लॅपटॉपवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीनचे लहान क्लस्टर उभारून, एका नोडचे फक्त नेटवर्क तोडून पाहा आणि डेटाबेस बॅकअपवरून रिकाम्या व्हॉल्यूममध्ये परत आणून पाहा. मुलाखतीत मी उमेदवाराला आधी हेच विचारतो.