जुन्या, कमी रॅमच्या संगणकासाठी मोफत अँटीव्हायरस कसा निवडावा

दोन किंवा चार जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क असलेले संगणक अजूनही कितीतरी घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि डीटीपी करणाऱ्यांकडे रोज चालू असतात. अशा यंत्रावर अँटीव्हायरस घालायचा म्हटले की ते आणखी मंदावेल अशी धास्ती वाटते, आणि ती अनाठायी नाही. ‘सर्वांत हलका अँटीव्हायरस कोणता?’ या प्रश्नाला मात्र सर्वांना लागू पडेल असे उत्तर नसते. एकाच अँटीव्हायरसचा भार दोन यंत्रांवर वेगवेगळा पडतो. म्हणून कोणाच्या यादीवर विसंबण्यापेक्षा तो आपल्याच यंत्रावर मोजून निवड करणे हा खात्रीचा मार्ग आहे.

हा भार कशाचा असतो ते आधी समजून घ्यावे. अँटीव्हायरस ज्ञात विषाणूंच्या खुणांचा मोठा साठा जवळ बाळगतो आणि आपण एखादी फाइल उघडतो, जतन करतो किंवा उतरवून घेतो तेव्हा मध्ये थांबून ती तपासतो. रॅम पुरेशी असेल तर हे काम जाणवतही नाही. रॅम अपुरी पडली की विंडोज रॅममधील मजकूर हार्डडिस्कवरील पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅमची उणीव भरून काढण्यासाठी राखलेल्या फाइलमध्ये, हलवू लागते, आणि ती डिस्क त्याच वेळी अँटीव्हायरसच्या तपासणीतही गुंतलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर अडकून बसतो तो बहुधा यामुळे. त्यामुळे जुन्या यंत्रासाठी निवड करताना प्रोसेसरपेक्षा रॅम आणि डिस्क यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

पहिली पायरी म्हणजे आपल्याकडे नेमके काय आहे ते पाहणे. सेटिंग्जमधील सिस्टिम विभागात, ‘अबाउट’ या पानावर, रॅम किती आहे आणि विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची हे दिसते. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने किमान रॅम ३२ बिटला १ जीबी आणि ६४ बिटला २ जीबी अशी सांगितली होती. परंतु हा आकडा संगणक सुरू होण्यापुरता आहे, त्यावर सुखाने काम करण्यापुरता नाही. त्यानंतर यंत्रात आधीच एखादा अँटीव्हायरस आहे का ते तपासावे. लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला चाचणी-अँटीव्हायरस तसाच राहिलेला असणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. तो नवे संरक्षण देत नाही, पण रॅम मात्र व्यापून बसतो. तो कंट्रोल पॅनेलमधून काढावा आणि त्या कंपनीचे स्वतंत्र निर्मूलन-साधन मिळत असेल तर तेही एकदा चालवावे, म्हणजे मागे राहिलेले ड्रायव्हर (विंडोजच्या आत खोलवर चालणारे त्याचे भाग) निघून जातात. सतत पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एकाच यंत्रावर कधीही ठेवू नयेत. ते एकाच फाइलसाठी एकमेकांना अडवतात आणि संरक्षण वाढण्याऐवजी संगणक गोठतो.

विंडोज १० असेल तर माझ्या मते सुरुवात मायक्रोसॉफ्ट डिफेंडरपासूनच करावी. तो विंडोजमध्ये मुळातच आहे, त्याच्यासाठी काही उतरवावे लागत नाही आणि तो सशुल्क आवृत्ती घेण्यासाठी सारख्या खिडक्या उघडत नाही. तो अगदी हलका आहे असे मी म्हणणार नाही. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ या नावाने तो टास्क मॅनेजरमध्ये दिसतो आणि संपूर्ण तपासणी चालू असताना जुनी डिस्क बराच वेळ अडवून धरतो. यावरचा उपाय त्याला बंद करण्याचा नसून त्याची वेळ ठरवून देण्याचा आहे. टास्क शेड्युलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि विंडोज डिफेंडर या क्रमाने गेल्यास नियोजित तपासणीची नोंद सापडते. तिला दुपारच्या जेवणाची किंवा संगणक चालू असूनही आपण काम करत नसू अशी वेळ द्यावी. विशिष्ट फोल्डर तपासणीतून वगळण्याची सोयही आहे, पण ती जपून वापरावी. डाउनलोड्सचे फोल्डर किंवा संपूर्ण ड्राइव्ह वगळणे म्हणजे दार उघडे टाकून कुलूप खिशात ठेवण्यासारखे आहे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे आहे. वैयक्तिक वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा-अद्यतनांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करण्याची योजना मायक्रोसॉफ्टने दिली, आणि डिफेंडरच्या विषाणू-खुणांचा साठा ऑक्टोबर २०२८ पर्यंत अद्ययावत होत राहील असेही जाहीर केले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खुणांचा साठा ताजा असला तरी विंडोजमधील नवी छिद्रे त्याने बुजत नाहीत, म्हणून ही नोंदणी करून घेणे अँटीव्हायरसच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

डिफेंडर जड वाटला किंवा काही कारणाने दुसरा मोफत अँटीव्हायरस हवा असेल, तर त्यामागे कोण आहे आणि त्याचा खर्च कसा निघतो हे जरूर पाहावे. अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चार वेगळी नावे आज जेन डिजिटल या एकाच समूहाची आहेत. अव्हास्टच्या जंपशॉट या उपकंपनीकडून वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकली जात असल्याचे उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि याच प्रकरणी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. याचा अर्थ या समूहाची उत्पादने आज वापरूच नयेत असा नाही. परंतु बसवताना आपली माहिती देण्याला संमती दर्शवणाऱ्या चौकटींतील टिक काढून टाकाव्यात आणि बरोबर येणारे ब्राउझर, व्हीपीएन किंवा ‘क्लीनर’ नाकारावेत. कमी रॅमच्या यंत्रावर ही जोड-साधने अनेकदा मूळ अँटीव्हायरसपेक्षा जास्त जड ठरतात. बिटडिफेंडरची मोफत आवृत्ती मर्यादित सोयींची आहे, आणि तेच तिचे बलस्थान आहे. पांडाची मोफत आवृत्ती तपासणीचा बराच भाग कंपनीच्या सर्व्हरवर करते. त्यामुळे रॅम वाचते, पण इंटरनेट वारंवार तुटणाऱ्या ठिकाणी तिचा पुरता उपयोग होत नाही.

क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस मुक्तस्रोत (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असा) असल्यामुळे हलकाच असणार, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. तो आपला खुणांचा साठा रॅममध्ये चढवतो आणि त्याला एक जीबीहून अधिक जागा लागू शकते. त्याच्यावर आधारलेल्या क्लॅमविनमध्ये तर सतत पहाऱ्याची सोयच नाही. दोन जीबीच्या यंत्रासाठी तो योग्य नाही.

ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि जर्मनीतील एव्ही-टेस्ट या संस्थांचे निकाल वाचावेत, मात्र पकड किती आहे एवढेच न पाहता कामगिरीचा स्वतंत्र निकालही पाहावा. एव्ही-टेस्ट संरक्षण, कामगिरी आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. जुन्या यंत्राच्या मालकाने मधला आकडा आधी वाचावा. त्यांची चाचणी-यंत्रे आपल्या यंत्रापेक्षा बहुधा चांगली असतात, म्हणून या निकालांवरून दोन नावे निवडावीत आणि पुढचा निर्णय घरी घ्यावा.

घरी मोजण्याची रीत सोपी आहे. संगणक नव्याने सुरू करून पाच मिनिटे थांबावे, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये वापरात असलेली रॅम कागदावर लिहावी. मग आपली नेहमीची फाइल व ब्राउझर उघडायला किती सेकंद लागतात तेही लिहावे. अँटीव्हायरस बसवून, त्याचे अद्यतन व पहिली तपासणी पूर्ण होऊ देऊन, हेच मोजमाप पुन्हा घ्यावे. बसवल्याच्या दिवशीच निकाल काढू नये. सुरक्षित फाइलींची नोंद तयार होईपर्यंत तो अधिक काम करत असतो. प्रोसेसच्या यादीत दिसणाऱ्या एका ओळीवरही विसंबू नये, कारण एकाच अँटीव्हायरसच्या चार-पाच प्रोसेस असतात आणि त्याचे ड्रायव्हर त्या यादीत येतच नाहीत. म्हणूनच एकूण वापरातील रॅमची तुलना करावी. नेहमीचे काम चालू असताना अर्धा जीबीसुद्धा मोकळा राहत नसेल, तर तो अँटीव्हायरस त्या यंत्राला झेपत नाही असे मी समजेन.

सतत पहारा देणारा एक आणि गरजेपुरता तपासणारा एक, ही जोडी जुन्या यंत्राला मानवते, कारण दुसरा एरवी रॅम घेत नाही. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर असा आहे. उतरवल्यानंतर १० दिवसांनी त्याची मुदत संपते, म्हणून दर वेळी तो नव्याने घ्यावा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट, म्हणजे संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणारे घातक प्रोग्राम, काढण्याची मोफत साधने मिळतात, आणि ती देणाऱ्यांमध्ये पुण्याची क्विक हील आणि मुंबईची ई-स्कॅन या कंपन्या आहेत. ही साधने झालेला संसर्ग काढतात, पहारा देत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

विंडोज ७ चा प्रश्न वेगळा आहे. तिचा नियमित आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तरीही जुने डीटीपी सॉफ्टवेअर आणि त्याच्या परवान्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे डाँगल नव्या विंडोजवर चालत नसल्यामुळे अनेकांना ती सोडता येत नाही. येथे निवडीचा पहिला निकष हलकेपणा नसून, ती कंपनी विंडोज ७ ला आणि आपल्या ३२ बिटच्या आवृत्तीला अजून आधार देते का, हा आहे. हे कंपनीच्याच संकेतस्थळावरील गरजांच्या पानावर वाचावे. २०१९ मध्ये आलेले शा-२ स्वाक्षरीचे (प्रोग्राम खऱ्या कंपनीचाच आहे हे पडताळण्याच्या नव्या पद्धतीचे) अद्यतन विंडोजमध्ये नसेल तर नवे अँटीव्हायरस बसताना अडतात, तेव्हा ते आधी घालावे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह मात्र त्याच यंत्राला लागतात आणि ‘शॉर्टकट व्हायरस’ त्यांतूनच येतो. म्हणून प्रत्येक पेनड्राइव्ह उघडण्यापूर्वी त्यावर उजवे क्लिक करून तपासणी करावी, आणि फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसल्यास त्यावर क्लिक करू नये.

निवड झाल्यावर अँटीव्हायरस खरोखर जागा आहे का ते आयकार संस्थेच्या चाचणी-फाइलने पाहता येते. ही ६८ अक्षरांची, पूर्णपणे निरुपद्रवी फाइल ओळखण्याचे बहुतेक अँटीव्हायरस कंपन्यांनी मान्य केले आहे. ती त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवताच इशारा आला पाहिजे. तो आला नाही, तर सतत पहाऱ्याची सोय चालू आहे का आणि खुणांचा साठा शेवटचा कधी अद्ययावत झाला, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात.