कांद्याच्या व्यापारात उतरताय? भावाच्या आधी महिने बघा

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाव किंवा पिंपळगावच्या लिलावात ट्रॉलीतला माल ओळखायला एका हंगामात शिकता येतं. गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती, जोड कांदा किती, पत्ती म्हणजे वरची साल टिकेल का, याला नजर सरावते. पण साठवलेल्या मालाला काय भाव मिळेल, हे त्या ट्रॉलीबाहेर ठरतं आणि नवा माणूस तिथेच अडकतो.

आधी हिशेब. समजा, एप्रिलमध्ये १,५०० रुपये दराने १०० क्विंटल उन्हाळ (रब्बी) कांदा चाळीत, म्हणजे हवेशीर साठवण-शेडमध्ये भरला. सप्टेंबरपर्यंत वजनघट, सड आणि कोंब मिळून ३० टक्के माल सहज जातो, दमट पावसाळ्यात ४० टक्केही. खरेदी दीड लाख, हमाली-निवड-चाळभाडं क्विंटलमागे २०० रुपये, वर्षाला १२ टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज ७,५००, एकूण १,७७,५००. विकायला उरले ७० क्विंटल. म्हणजे २,५३६ रुपये भाव मिळाला तर नुसतं मुद्दल सुटतं. हजाराची तेजी आली तरी हाती काही उरत नाही.

आता महिने. चाळी रिकाम्या होऊ लागल्या की ऑगस्टपासून भाव चढतात, आणि सरकारचा हातही तेव्हाच पडतो. २०१९ आणि २०२० मध्ये निर्यातबंदी सप्टेंबरमध्ये आली. २३ ऑक्टोबर २०२० ला घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची साठामर्यादा लागली. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क आणि ८ डिसेंबरला बंदी. शिवाय नाफेड-एनसीसीएफ या सहकारी संस्थांनी सरकारसाठी घेतलेला राखीव साठा याच काळात शहरांत उतरतो.

निर्यातशुल्क परदेशी ग्राहक भरेल, असं अनेकांना वाटतं. आखातात आणि मलेशियात पाकिस्तानचा कांदा शेजारीच असतो, त्यामुळे आपला दर तिथे वाढवता येत नाही. शुल्काचा मोठा भार उलटा फिरून लिलावातल्या बोलीवर, म्हणजे शेतकऱ्यावर येतो. बांगलादेशही स्वतःचं पीक निघालं की आयात रोखतो.

देशातली स्पर्धा तितकीच कडक आहे. मध्य प्रदेशचा रब्बी माल आपल्याबरोबरच निघतो. कर्नाटकचा खरीप सप्टेंबर-ऑक्टोबरात, राजस्थानातल्या अलवरचा त्यामागून. कर्नाटकात काढणीत पाऊस लागला तर नाशिकचा भाव उठतो. तिथलं पीक साधलं तर जुना उन्हाळ कांदा पडून राहतो. म्हणून ऑगस्टपासून हुबळी आणि बंगळुरूच्या आवकेची रोज फोनवर चौकशी करा.

आमचं मत स्पष्ट आहे: साठ्याचा एक तृतीयांश माल जुलैअखेर, तेवढाच ऑगस्टमध्ये काढावा आणि गणपतीनंतर एक तृतीयांशाहून जास्त माल ठेवू नये. निर्यातीचा सौदा करताना शुल्क बदललं किंवा बंदी आली तर नुकसान कुणाचं, हे लेखी घ्या. २०२० मध्ये बंदी जाहीर झाली तेव्हा भरलेले ट्रक बांगलादेशच्या सीमेवर अडकून पडले होते, आणि ताडपत्रीखालचा कांदा चार दिवसांत पाणी सोडतो.