जुना ट्रॅक्टर सेल्फ घेत नसेल तर बॅटरी कोणती टाकायची

राजेहो, पेरणी तोंडावर आली अन ट्रॅक्टर नुसता घर्र घर्र करून गप बसला की आपण सरळ तालुक्याला जातो अन दुकानदार दाखवेल ती मोठी बॅटरी उचलून आणतो, मग दिवाळीपर्यंत परत तेच रडगाणं. म्हणून पैसे काढायच्या आधी वायर तपासा. जुन्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये बरेचदा बॅटरी ठीक असते अन करंट सेल्फपर्यंत (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरपर्यंत) पोचतच नाही.

त्यासाठी स्वस्तातला मल्टीमीटर पुरतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू द्या अन सकाळी बॅटरी मोजा, 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, 12.2 म्हणजे अर्धी. अर्धी असेल तर आधी चार्ज करून आणा, नाहीतर पुढची तपासणी फुकट. मग गिअर न्यूट्रल करा, स्टॉपची दांडी ओढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, एकाला सेल्फ मारायला लावा अन तेवढ्यात बॅटरीवर व्होल्ट बघा. फुल चार्ज असून साडेनऊच्या खाली घसरली तर एकतर बॅटरी संपली नाहीतर सेल्फच जास्त करंट ओढतोय, तर सेल्फचे बुश अन कार्बन बघून घ्या. पण बॅटरी साडेदहावर टिकून आहे अन सेल्फ तरी मरतुकडा फिरतोय, तर दोष बहुतेक वायरीत आहे. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर) अन दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर धरून परत सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर ती वायर बदला. तसंच मायनस खांब ते इंजिनची बॉडी.

वायर वरून चांगली दिसते, पण क्लॅम्पजवळ रबर थोडं कापून बघा, आत तांबं हिरवं काळं पडून भुगा झालेलं असतं. 35 किंवा 50 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, जेवढी आखूड बसेल तेवढी चांगली, अन अर्थिंग (बॉडीला जोडायची वायर, बहुतेक मायनसची) इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या बॉडीला रंग खरवडून थेट द्या. पत्र्याला दिलेली अर्थिंग काही कामाची नाही.

आता बॅटरी. 35 ते 45 एचपीच्या ट्रॅक्टरला साधारण 12 व्होल्ट 75 ते 88 एएच (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीत किती करंट साठतो त्याचा आकडा) पुरते, 50 च्या वर असेल तर 88 ते 100. कंपनीच्या पुस्तकात जो आकडा आहे तो किंवा त्याच्या एक पायरी वर, बस. मोठी टाकली तर नुकसान नाही, पण बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो 20-22 अँपियरच्या आसपासच देतो, तोही इंजिन रेसमध्ये असताना, स्लोवर तर जवळपास काहीच नाही. रात्री लाईट अन वरून मोठा साऊंड लावला तर खर्च जास्त अन भरणा कमी, मग बॅटरी 75 ची असो का 150 ची, ती उतरणारच. तिथं डायनामो काढून अल्टरनेटर बसवण्यात पैसे घालणं जास्त शहाणपणाचं. इंजिन रेसवर असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. 15 च्या वर जात असेल तर कटआउट (चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर) आधी दुरुस्त करा, नाहीतर नवी बॅटरी उकळून मरेल.

घरातली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी ट्रॅक्टरला लावू नका. तिच्या जाड प्लेटा हळूहळू करंट द्यायला बनवलेल्या असतात, सेल्फला काही सेकंदांत दोनशे-तीनशे अँपियर लागतात. मेंटेनन्स फ्री पण मी जुन्या ट्रॅक्टरला सांगणार नाही. आपल्याकडे अकोला-चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बॅटरी बोनेटखाली इंजिनशेजारी तापते, पाणी उडतं, अन झाकण उघडत नसेल तर पाणी टाकणार कुठून? झाकणवाली घ्या अन उन्हाळ्यात पंधरा दिवसाला लेव्हल बघा, डिस्टिल वॉटरच टाका, बोअरचं पाणी अजिबात नको, बघताना जवळ बिडी-काडी नको.

घेताना बनवल्याची तारीख बघा, दुकानात सहा महिने पडलेली घेऊ नका. प्लस-मायनस कोणत्या बाजूला हे जुन्या बॅटरीशी जुळवा, वायर ताणून जोडावी लागायला नको. खाली रबर टाका अन पट्टी कसून बांधा, धक्क्यानं प्लेटा झडतात.

काही जुन्या मॉडेलला 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असायच्या, त्याजागी 12 ची एक बसते. काहींना प्लस अर्थिंग होती, म्हणजे बॉडीला मायनसऐवजी प्लस जोडलेला असायचा, म्हणून जोडायच्या आधी वायरिंग नीट बघा, उलटी जोडली तर अल्टरनेटरचे डायोड जागेवर जळतात. दोन बॅटऱ्या पॅरलल लावायच्याच असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, एकाच वेळी घेतलेल्या लावा, नवी-जुनी जोडी लावली तर जुनी नवीला खाते. अन टिप्परवरून जंप घेऊ नका, तिथं 24 व्होल्ट असतात.

काढताना अर्थिंगची वायर आधी, जोडताना ती शेवटी. क्लॅम्प कसल्यावर वरून व्हॅसलीन लावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदाच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. काम नसताना ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर अर्थिंग सोडून ठेवा अन महिन्यातून एकदा चार्जरवर फुल करा.