केसांची निगा राखताना या चुका टाळा: मुंबईच्या हवेत, पाण्यात आणि पार्लरमध्ये

मुंबईत केस बिघडले की खापर आधी शाम्पूवर फुटतं. शाम्पू बदलतो, मग तेल बदलतं, मग ‘नैसर्गिक’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेली महागडी बाटली घरात येते. गडबड बहुधा वेगळ्याच ठिकाणी असते. प्राणी, माणसं आणि कचरा यांचा विचार करून वस्तू घ्यायची इच्छा असलेली मंडळीही बाटलीवरच्या सशाच्या चित्रापाशीच (म्हणजे ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ या खुणेपाशीच) थांबतात. त्यामुळे पैसे जातात, केस तसेच राहतात आणि ज्यांचा विचार करायचा ते बाजूलाच राहतात.

ओला अंबाडा

सकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात कितीतरी डोक्यांवर ओला अंबाडा दिसतो. वेळच नसतो, हे खरं आहे. पण ओला केस कमजोर असतो, ताणून बांधला की तुटतो. आपल्या दमट हवेत आतली टाळू दुपारपर्यंत ओलसर राहते आणि संध्याकाळी केस सोडले की कुबट वास येतो. त्या वासावर सुगंधी सिरम चोपडून काही होत नाही. शक्य असेल तर संध्याकाळी घरी आल्यावर केस धुवा, जुन्या सुती पंचाने टिपा (खसाखसा पुसू नका) आणि पंख्याखाली मुळं वाळवून मगच झोपा. सकाळीच धुवायचे असतील तर निदान मुळं कोरडी होऊ द्या, आणि उरलेले केस सैल क्लिपमध्ये अडकवा.

कोंड्यावर तेल

कोंडा झाला की टाळू ‘कोरडी’ पडली असं समजून रात्रभर तेल थापायचं, ही घराघरातली चूक. कोंड्यामागे बहुतेक वेळा मलासेझिया नावाची बुरशी असते. ती सगळ्यांच्याच टाळूवर राहते आणि तेलातल्या स्निग्धाम्लांवर पोसली जाते. म्हणजे तेल घालून आपण तिलाच जेवू घालतो. कीटोकोनाझोल २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं टाळूवर ठेवून धुवा. दोन ते चार आठवड्यांत फरक पडायला हवा. फेस आला की लगेच पाणी ओतणारे लोकच ‘औषधी शाम्पूचा उपयोग नाही’ असं सांगत असतात.

याचा अर्थ आजीचं खोबरेल तेल चुकीचं, असा नाही. मुंबईच्याच मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली होती. धुताना केसातून होणारा प्रथिनांचा ऱ्हास खोबरेलाने कमी झाला, बाकी दोघांनी नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा; पण खोबरेल केसाच्या आत शिरतं ही गोष्ट खरी. म्हणून ते धुण्याआधी लांबीला आणि टोकांना लावा. टाळूला कोंडा असेल तेवढे दिवस मुळांना नको.

पाणी न बघता शाम्पू बदलणं

महापालिकेचं पाणी तलावांतून, म्हणजे पावसाचं येतं. ते तुलनेने मऊ असतं. टँकर किंवा बोअरवेलच्या भरवशावर असलेल्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल, तर तोच थर केसांवरही बसतोय. केस राठ होतात, शाम्पूला फेस येत नाही. शेवटचे दोन तांबे पालिकेच्या पाण्याचे घ्या आणि महिन्यातून एक-दोनदा ईडीटीए (पाण्यातले क्षार धरून काढणारा घटक) असलेला शाम्पू वापरा. खाण्याचा सोडा मात्र डोक्यावर नको.

काळी मेंदी

मेंदीच्या पानात लॉसोन असतं आणि त्याचा रंग नारिंगी-तांबडा. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी ‘हर्बल’ मेंदी असेल तर त्यात बहुधा पीपीडी हे डायचं रसायन मिसळलेलं असतं. काहींना त्याची जबरदस्त अॅलर्जी येते: टाळूला खाज, पाणी सुटणं, डोळे सुजून बंद होणं. कानामागे थोडा लेप लावून ४८ तास थांबा, आधी कधी त्रास झाला नसला तरी. एकदा अॅलर्जी आली तर तो रंग कायमचा बंद.

पार्लरमधला धूर

लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी केराटिन, स्मूदनिंग या केस सरळ-मऊ करणाऱ्या ट्रीटमेंटची गर्दी उसळते. एसी चालावा म्हणून दार-खिडक्या बंद. दोनशे अंशांच्या इस्त्रीखालून बटेबटेतून धूर निघतो, आणि खुर्चीवरच्या बाईचे डोळे चुरचुरतात. तो धूर अनेकदा फॉर्मल्डिहाइडचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २००४ साली माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं. डब्यावर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहून आत ग्लायऑक्सिलिक आम्ल असलं, तरी तापल्यावर तेही फॉर्मल्डिहाइड सोडू शकतं. शिवाय या आम्लाच्या वापरानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत.

तुम्ही तो धूर वर्षातून एकदा घेता. इस्त्री धरणारी मुलगी तो दिवसभर, रोज घेते, तेही बऱ्याचदा साध्या कापडी मास्कवर, आणि तो मास्क वायू अडवत नाही. नैतिक निवडीची सुरुवात माझ्या मते इथून व्हायला हवी. खिडकी उघडायला सांगा, एक्झॉस्ट चालू आहे का विचारा, डब्यावरची घटकांची यादी दाखवायला लावा. टाळाटाळ झाली तर उठून या. पावसाळ्यात रोज घरी इस्त्री फिरवणंही व्यर्थ आहे. दमट हवेत केस तासाभरात मूळ वळणावर येतात. ओल्या केसांवर तर इस्त्री नकोच, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे धरतात आणि तिथेच तो तुटतो.

सशाचं चित्र पुरेसं मानणं

सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. तशी चाचणी केलेल्या मालाच्या आयातीवरही त्याच वर्षी बंदी आली. म्हणजे ससा छापणारी कंपनी बऱ्याचदा कायदा पाळण्यापलीकडे काही करत नसते. केराटिन लोकर, पिसं, खुरांतून येतं. सिल्क प्रोटीन रेशीमकिड्यातून. ते नको असेल तर गव्हाचं प्रथिन असलेलं कंडिशनर शोधा. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या अनेक थरांच्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या भंगारवाला घेत नाही. बाटली घेतो, आणि ती धारावीच्या तेरा कंपाउंडपर्यंत, म्हणजे भंगारातून पुन्हा माल बनवणाऱ्या वस्तीपर्यंत, पोचू शकते. ज्यांना परवडतं त्यांनी तरी बाटलीच घ्यावी. गंगावन खऱ्या केसांचं घ्यायचं असेल तर केस कुठले, हे दुकानदाराला विचारा. सांगता येत नसेल तर कृत्रिम धाग्याचं घ्या.

दिवाळीतली केसगळती

दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. दिवाळीच्या सुमारास अचानक मूठ-मूठभर हाती यायला लागले, तर कॅलेंडर दोन-तीन महिने मागे न्या. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडचा ताप तेव्हा आला होता का? बाळंतपण, ऑपरेशन, कडक डाएट? अशा धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. हे साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतं. या काळात रोज नवं तेल लावून बघण्यापेक्षा जेवणातली डाळ, अंडी, मटकी वाढवा. गळती लांबली, किंवा नाण्याएवढे चट्टे पडले, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग आहे. जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो, तापाची तारीख आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडचे जुने रिपोर्ट असतील तर तेही सोबत न्या.