पिठीसाखर: दळण्यापासून नानकटाईपर्यंत

दिवाळीच्या तोंडावर पिठीसाखरेचा डबा उघडावा तर आत ढेकूळ. विकतची आणायला धावू नका, घरी दहा मिनिटांत होते.

मिक्सरचं भांडं खडखडीत कोरडं हवं, झाकणाची रबरी रिंगसुद्धा. 100 ग्रॅम साखर घालून थांबत थांबत फिरवा. सलग फिरवली की भांडं तापतं आणि साखर पात्याखाली बसते. झाकण लगेच उघडलंत तर साखरेचा धूर थेट नाकात! दोन मिनिटं थांबा, मग मैद्याच्या चाळणीने चाळा. वर उरलेली जाडसर साखर चहाला. साठवायची असेल तर एवढ्या साखरेला छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा, ते ओलावा धरून ठेवतं. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा हेच असतं. लाडवांसाठीची मात्र नुसतीच दळा.

खरा घोळ होतो मापात. वाटीभर साखर दळली की पावणेदोन वाट्यांच्या आसपास भरते. कृतीत ‘वाटीभर पिठीसाखर’ असेल आणि तुम्ही वाटीभर साखर दळून सगळी ओतलीत, तर पदार्थ गोडमिट्ट. वजन काही बदलत नाही, म्हणून काट्यावर मोजलेलं बरं.

आता नानकटाई. 100 ग्रॅम थिजलेलं तूप आणि 75 ग्रॅम पिठीसाखर परातीत तळहाताने फेसा. आधी पिवळट आणि जड लागेल. सातआठ मिनिटांत पांढरं होऊन हाताला लोण्यासारखं लागलं की पुरे. कंटाळा इथेच येतो, आणि कंटाळलेल्या हाताची नानकटाई खुसखुशीत होत नाही. त्यात 125 ग्रॅम मैदा, 25 ग्रॅम बेसन, चमचाभर रवा, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, वेलची आणि चिमूटभर मीठ चाळून घाला. मळू नका, नुसतं गोळा करा. पेढ्याएवढे गोळे अंतर ठेवून मांडा आणि आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं भाजा. काढताना मऊच लागतात, निवल्यावर कडक होतात. दाणेदार साखर घातलीत तर ती भाजताना वितळते आणि नानकटाई पसरते.

बटर फेसून करायच्या केकला मात्र बारीक दाण्याची साखरच घ्या, तिच्या दाण्यांमुळे बटरमध्ये हवा भरते.

बेसनाच्या लाडवांत पिठीसाखर घालायची ती बेसन कोमट झाल्यावर. एकदा घाईत मी गरमातच घातली आणि लाडवांच्या चकत्या झाल्या. मिश्रण तासभर फ्रिजमध्ये ठेवलं तेव्हा कुठे वळता आलं. चिरोट्यांचंही तेच: तूप निथळू द्या, मगच वरून भुरभुरवा.

केकवर ओतायचं आयसिंग सगळ्यात सोपं. 120 ग्रॅम पिठीसाखरेत मोठा चमचाभर दूध किंवा लिंबाचा रस घालून ढवळा. घट्ट वाटलं तर पुढचं दूध थेंबाथेंबाने, कारण पातळ झालं की पुन्हा मिक्सर काढावा लागतो.