हॅल्युसिनेशनवर लिहिताना या चुका टाळा

आमच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासगटात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दोरीवरचा साप हॅल्युसिनेशनचं, म्हणजे भासाचं, उदाहरण म्हणून देणं. अहो, तिथे दोरी आहे ना! समोर वस्तू आहे आणि ती भलतीच वाटतेय, तर तो भ्रम, शिंपल्यावरची चांदी पण तसलीच. हॅल्युसिनेशनमध्ये समोर काहीच नसतं. शार्ल बोने सिंड्रोममध्ये नजर अधू झालेल्यांना रिकाम्या खोलीत माणसं दिसतात, नक्षी दिसते, आणि बहुतेकांना हे खरं नाही हे माहीत असतं, म्हणून 'हॅल्युसिनेशन म्हणजे खोटी समजूत' असंही लिहू नका.

एवढा कीस का पाडायचा? कारण भ्रमात म्हणता येतं की दिसतेय ती दोरीच, फक्त चुकीची दिसतेय. रिकाम्या खोलीत ते म्हणता येत नाही, मग तिथे दिसतं ते काय हा प्रश्न उरतो.

दुसरी चूक, 'लाल दिसतंय म्हणजे लाल काहीतरी असणारच, बाहेर नाही तर मनात' हे न तपासता पुढे जाणं. सेन्स-डेटावाले, म्हणजे आपल्याला थेट दिसतात त्या मनातल्याच गोष्टी असं मानणारे, इथूनच येतात. पण पोराने वहीत ढगावरचं गाव काढलं म्हणून तसं गाव कुठे असावं लागतं का? अनुभवही असाच नसलेल्या गोष्टीबद्दल असू शकतो, हे इंटेन्शनॅलिझमवाल्यांचं उत्तर.

आता डिसजंक्टिव्हिझम, म्हणजे खरं पाहणं आणि भास मुळात वेगळ्या जातीचे आहेत हे मत, इथे तर हमखास घोळ. हिंटन या तत्त्वज्ञाने ते 1967 मध्ये मांडलं, पुढे स्नोडन, मॅकडॉवेल, मार्टिन यांनी नेलं. लोक लिहितात की यांच्या मते खरं दिसणं आणि भास वेगळे जाणवतात. अजिबात नाही! आतून फरक कळणार नाही हे ते मान्यच करतात, पण कळत नाही म्हणून दोन्ही एकाच जातीचे ठरत नाहीत एवढंच म्हणणं. देवगड हापूस म्हणून कर्नाटकी आंबा पेटीत घातला आणि तुम्हाला ओळखता नाही आला, तरी तो देवगडचा होत नाही, कारण कुठे पिकला हा त्याच्या देवगड असण्याचाच भाग आहे. तसं खऱ्या पाहण्यात ती वस्तूच सामील असते.

पण इथेच थांबलात तरी उत्तर अर्धवट. खरं पाहताना मेंदूत जी घडामोड होते तीच नुसती झाली तरी भास होतो, मग भासाला पुरणारी ती घडामोड खरं पाहतानाही असतेच, तर वस्तूने वेगळं काय केलं? मार्टिन म्हणतो, असा भास म्हणजे खऱ्या पाहण्यापासून आतून वेगळा न ओळखता येणारा प्रसंग, त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगायचंच नाही. मला हे अजून पटलेलं नाही, भास झालेल्या माणसाला काहीतरी जाणवतच असतं की.